रविवारचा मोजा

रविवार. सकाळचे ८ वाजून ४० मिनिटं झालेत. उपासना ९ वाजता. धाकटा एका पायात मोजा घालून कॉटवर उड्या मारतोय, दुसरा मोजा बेपत्ता. थोरलीची एक वेणी झालीय, दुसरी माझ्या हातात आहे आणि रिबीन माझ्या दातात. खाली स्कूटरवर बसून नवरा दर अर्ध्या मिनिटाने हॉर्न वाजवतोय, जणू काही हॉर्न ऐकून मोजा स्वतःच धावत येणार आहे. दातात रिबीन धरूनसुद्धा माणूस किती स्पष्ट ओरडू शकतो हे कोणाला पाहायचं असेल तर त्यांनी या वेळी आमच्याकडे शिरूरला यावं. चहाही मिळेल, पण उतू गेल्यानंतर उरलेल्या दुधाचा.

मग ९ वाजून ५ मिनिटांनी आम्ही चर्चच्या दारात असतो. "सलाम पाळकसाहेब! सलाम मावशी! हो हो, सगळे मजेत!" आवाज एकदम साखरेत घोळलेला. घरापासून चर्चपर्यंत स्कूटरवर जेमतेम सात-आठ मिनिटं लागतात. तेवढ्यात माझा आवाज कसा काय बदलतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मुलांनी केला असणार. तीही त्याच स्कूटरवर असतात ना.

आता हे सगळं विनोद म्हणून मी कितीदा तरी सांगितलंय. भगिनी मंडळाच्या बायकांमध्ये हा विषय निघाला की प्रत्येकीकडे एक मोज्याची गोष्ट असतेच. आपण हसतो, "पोरं म्हणजे पोरंच" म्हणतो आणि विषय संपतो. माझाही संपला असता. पण मागच्या महिन्यात एक गोष्ट झाली.

आमच्याकडे नळाला पाणी पहाटे येतं. त्या रविवारी साडेपाचला उठले, दिवा न लावताच स्वयंपाकघराकडे निघाले, तर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर कोणीतरी बसलेलं! दचकलेच. दिवा लावला. थोरली होती. ९ वर्षांची पोर. अंगात पिवळा फ्रॉक, पायात बूट, केस पाणी लावून चोपून बसवलेले, दोन वाकड्यातिकड्या वेण्या स्वतःच घातलेल्या. मांडीवर पवित्र शास्त्र आणि मुठीत अर्पणाची दहाची नोट.

"अगं, काय झालं? झोप नाही आली का?"

"आली. मी तयार आहे."

"एवढ्या लवकर कशाला?"

"म्हणजे तुला ओरडावं लागणार नाही." आणि मग जरा थांबून, "त्याचे मोजे पण मी शोधून उशीखाली ठेवलेत."

मी हे दौंडला मावशीला फोनवर सांगितलं. मावशी म्हणाली, "किती गुणाची गं पोर! दृष्ट काढ तिची." नणंदेला सांगितलं, तीही म्हणाली, "बघ, वळण लागलं!" दोघींनी कौतुकच केलं आणि मला मात्र ते कौतुक घशाखाली उतरेना. दिवसभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. ती "ओरडू नकोस" असं म्हणाली नव्हती. "तुला ओरडावं लागणार नाही" म्हणाली होती. म्हणजे माझा राग सांभाळायचं काम तिने आपल्याकडे घेतलं होतं. त्यासाठी अंधारात उठून, भावाचे मोजे शोधून, आवाज न करता खुर्चीवर बसून राहिली होती. कधीपासून, ते मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

वळण आणि धास्ती या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्हींत पोर वेळेवर तयार होतं. फरक कळायला त्या पोराला अंधारात बसलेलं बघावं लागतं.

मग मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. शाळेची बस रोज ७ वाजून १० मिनिटांनी येते. पोरं तीच, मोजे तसेच, वेण्याही दोनच. ओरडा तेव्हाही होतोच, मी काही साध्वी नाही. पण त्या ओरडण्याला रविवारची धार नसते. बस चुकली तर बाबा स्कूटरवरून सोडतात, विषय संपला. मग रविवारीच माझ्या अंगात काय संचारतं?

खरं उत्तर द्यायचं तर... बाक. पहिलं गीत संपल्यावर आत शिरायचं म्हणजे मधल्या वाटेने सगळ्या बाकांसमोरून जायचं. माना वळतात. वेणी सुटलेली असली तर ती दिसते, बुटावरची धूळ दिसते. "कोणाची गं पोरं ही?" असं कोणी म्हणत नाही, पण मला ते ऐकू येतं. देवाला उशीर झाला म्हणून मी चिडत नाही. मंडळीला उशीर दिसेल म्हणून चिडते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर कोणी म्हणेल की बाई कपड्यांची आणि वेळेची थट्टा करतेय. अजिबात नाही. आपल्याकडे रविवारच्या कपड्यांना मोठा इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) सुरू झालं आणि तिथून ते घोडनदीला, म्हणजे आपल्या शिरूरला आलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे रेव्ह. रिचर्ड विन्सर होते, त्यांच्या उद्योगशाळेत मुलं हातकाम शिकत. या भागातल्या खेड्यांतून जे ख्रिस्ती झाले त्यांच्यातले बहुतेक तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातींतले होते. ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, ती माणसं रविवारी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, पुढच्या दाराने आत जाऊन बसत होती. माझ्या आजीकडे रविवारचं म्हणून एक पांढरं लुगडं वेगळं ठेवलेलं असायचं. आठवडाभर त्याला कोणी हात लावायचा नाही. ते लुगडं म्हणजे दिमाख नव्हता. "आम्हीही माणसं आहोत" हे न बोलता सांगायची ती रीत होती.

तेव्हा पोरं चर्चला नीटनेटकी जावीत हे मला आजही वाटतं. आजीचं देणं आहे ते. प्रश्न एवढाच की आजीने जो मान कमावून आमच्या हातात दिला, त्याचा माझ्या हातात येईपर्यंत धाक कसा झाला? ती लोकांच्या नजरेला नजर द्यायला तयार व्हायची. मी लोकांच्या नजरेला भिऊन तयार होते, आणि पोरांनाही तसंच तयार करते.

यातली मधली कडी आहे माझी आई. म्हणजे आता दौंडला जायला हवं.

दौंड म्हणजे जंक्शन. पुणे-सोलापूर लाइन आणि १८७८ साली सुरू झालेली दौंड-मनमाड लाइन इथे मिळतात. आमचं लहानपण तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. बाबा गार्ड होते. कॉलनीत घड्याळापेक्षा गाड्यांवर वेळ कळायची आणि कुठल्या घरात कोण नाइट करून झोपलंय हे सगळ्यांना माहीत असायचं. त्यामुळे आमच्याकडे ओरडायची सोयच नव्हती! बाबा पहाटे येऊन झोपलेले, आम्ही चार भावंडं, पाणी तापवायचा बंब एक. आई आवाज न करता चौघांना तयार करायची. कशी? चिमट्याने. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे फ्रॉकच्या बाहीमुळे दिसत नाही तिथे. एक चिमटा म्हणजे "लवकर", दोन म्हणजे "घरी आल्यावर बघते". चर्चमध्ये बाकावर चुळबुळ केली तरी तेच. चेहरा समोर पाळकसाहेबांकडे, हात आमच्या दंडाकडे.

परवा दौंडला गेले होते तेव्हा आईला विचारलं. ती मेथी निवडत बसली होती.

"आई, तू आम्हाला रविवारी चिमटे काढायचीस, आठवतं का?"

"मी? छे! मी कधी काढले चिमटे?"

मी काही बोलले नाही. चार-पाच काड्या निवडून झाल्यावर तीच म्हणाली, "काढलेही असतील. तुम्ही चौघं आणि मी एकटी. पण मला ते नाही गं आठवत. मला आठवतं ते तुम्ही चौघं ओळीत बाकावर बसलेली. तेल लावून डोकी कशी चकचकीत. मागून बघितलं की इतकं बरं वाटायचं."

मंडळी, ती खोटं बोलत नव्हती. तिच्या जवळ खरोखरच ती ओळ राहिलीय. माझ्या जवळ चिमटा राहिलाय. सकाळ एकच, पण आईने त्यातलं एक ठेवलं आणि मी दुसरं. आणि मग लक्षात आलं की आणखी तीस वर्षांनी मी मेथी निवडत बसलेली असेन, थोरली येऊन विचारेल, आणि मी अगदी मनापासून म्हणेन, "मी? मी कधी ओरडले? मला तर तुझा पिवळा फ्रॉक आठवतो."

या विचाराने मला घाबरवलं म्हणा ना.

शिरूरहून दौंडला जाताना आम्ही पुष्कळदा न्हावऱ्यावरून केडगावमार्गे जातो. सीझनमध्ये उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे रांगत जावं लागतं, तेव्हा विचार करायला वेळच वेळ. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दीड हजारांहून जास्त बायका-मुली होत्या. दर वेळी तिथून जाताना मनात येतं, एवढ्या पोरींच्या वेण्या रविवारी घालायचं कोण! मला दोन आवरत नाहीत.

पण रमाबाईंची मला जास्त जवळची वाटणारी गोष्ट मुक्तीच्या आधीची आहे. १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या. तिथेच २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकायला-शिकवायला गेल्या आणि मनोरमा सिस्टर्सकडे राहिली. आणि मग त्या लेकराला धर्माचं काय शिकवायचं, कोणी ठरवायचं यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यात पत्रांतून चांगलाच वाद झाला. ती पत्रं १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपात काढली. परक्या देशात, ज्यांच्या आधाराने राहायचं त्यांच्याशीच ही बाई आपल्या मुलीसाठी भांडत होती. सिस्टरही वाईट नव्हत्या, त्यांचा मनोरमेवर जीव होता. मला त्यातून जे घ्यावंसं वाटतं ते असं की पोराला देवाकडे न्यायची घाई मोठ्यांना फार असते, आणि त्या घाईत पोराकडे बघणारं एक माणूस तरी लागतं. ते माणूस आई असली तर बरं. त्याच मनोरमाबाई पुढे मुक्तीच्या कामात आईचा उजवा हात झाल्या. १९२१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही.

आणि आपल्या लाडक्या टिळकांचंच घ्या. 'उपासना संगीत' उघडलं की रेव्ह. नारायण वामन टिळकांची गीतं किती! पण टिळक तापट होते, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त कुठे लपवलं आहे? हसत हसत, मायेने, पण सगळं सांगितलंय. वाचून टिळकांबद्दलचा आदर कमी होत नाही. उलट वाटतं, चला, एवढ्या मोठ्या माणसाच्या घरीही हे होतं, आणि त्यावर बोलता येतं. आपण मात्र साक्ष द्यायला उभे राहिलो की आजारपण सांगतो, नोकरी लागल्याचं सांगतो. सकाळी पोरांवर कसे तुटून पडलो हे कोणी सांगत नाही.

शास्त्रात शोधलं तर तिथेही आपलेच हाल आहेत. येशूच्या बालपणाची, म्हणजे तो कळता झाल्यानंतरची, शुभवर्तमानांत एकच गोष्ट आहे, लूकच्या दुसऱ्या अध्यायात. आणि ती कसली? सणासाठी यरुशलेमला गेलेल्या आईबापांची आणि १२ वर्षांच्या पोराची चुकामूक! दिवसभराची वाट चालून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पोरगं बरोबर नाही. परत फिरून शोधलं, तीन दिवसांनी मंदिरात सापडलं, आणि मरियेने सगळ्या शास्त्र्यांच्या देखत त्याला जाब विचारला. मरियेला! म्हणजे देवाच्या घरापायी आईचा जीव मेटाकुटीला येणं काही नवीन नाही. ती बोलली, पोरानेही उत्तर दिलं, दोघांचं बोलणं झालं, आणि मग सगळे एकत्र घरी गेले. मला ते बोलणं झालं हे आवडतं.

दुसरी गोष्ट मार्कच्या दहाव्या अध्यायातली, आपल्या संडे स्कूलच्या भिंतीवर हमखास चित्र असतं ती. लोक लेकरांना येशूजवळ आणत होते आणि शिष्य त्यांना दटावत होते. शिष्यांचं मला आता कळतं. त्यांनाही गडबड नको होती, सगळं कसं शिस्तीत हवं होतं. येशू रागावला हे त्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. पण रागावला तो शिष्यांवर. पोरांवर नाही. इतकी वर्षं त्या चित्रात मी स्वतःला पोरांना घेऊन येणाऱ्या आयांमध्ये बघत होते. दर रविवारी ८ वाजून ४० मिनिटांनी मी असते शिष्यांच्या बाजूला.

असो. प्रवचन पाळकसाहेबांनी करावं, मी आपलं घरात काय ठरवलं ते सांगते.

एक, रविवार शनिवारी संध्याकाळी सुरू करायचा. बूट, मोजे, फ्रॉक, शर्ट, अर्पणाचे पैसे, सगळं संध्याकाळीच काढून ठेवायचं. तेल-वेणीसुद्धा रात्रीच, गप्पा मारत. दोन, हॉर्न वाजवणाऱ्याने वर येऊन मोजा शोधायचा. (यावर घरात थोडी चर्चा झाली, पण ठराव पास झाला.) तीन, उशीर झाला तर झाला. मागचं दार आहे, मागचा बाकही रिकामा असतो. आणि चार, जे सगळ्यात जड गेलं. ओरडले तर त्याच दिवशी, त्या पोरासमोर, माफी मागायची. चर्चमध्ये सगळ्यांबरोबर पापांगीकार म्हणणं सोपं आहे हो. तिथे नाव घ्यावं लागत नाही. ९ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत बघून म्हणणं कठीण.

मी म्हटलं. म्हणाले, "मला राग येतो तो तुझ्यामुळे नाही येत. तो आवरायचं काम माझं आहे, तुझं नाही. तू लवकर उठायची गरज नाही." ती विचार करून म्हणाली, "मग त्याच्या मोज्यांचं काय?" मी म्हटलं, "ते बाबा बघतील." तिचा फारसा विश्वास बसलेला दिसला नाही.

नात्यातली वडीलधारी मंडळी म्हणतील, अशाने पोरं डोक्यावर बसतील, आम्ही मार खाल्ला तरी आमचं काही बिघडलं नाही. काका, तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. वेळेवर जाणं हे वळण आहे आणि ते लागलंच पाहिजे. पोरांना "नाही" म्हणावं लागतं, कधी आवाजही चढतो. पण पौलाने इफिसकरांना आणि कलस्सैकरांना लिहिताना पोरांना आज्ञा पाळायला सांगितली, तिथेच पुढे बापांनाही ताकीद दिली की लेकरांना डिवचू नका. आपण पहिला अर्धा भाग पोरांकडून पाठ करून घेतो आणि दुसरा भाग आपल्यासाठी होता हे विसरतो. शिवाय तुमचं काही बिघडलं नाही म्हणता, पण मार आठवतोच ना अजून? मग झालं तर.

मागच्या रविवारचं सांगते. मोजे होते, जोडीने होते. पण धाकट्याने शर्टावर चहा सांडला. माझा आवाज वर निघालाच होता, तो मी मधेच कसाबसा गिळला, त्यामुळे तो खोकल्यासारखा निघाला आणि पोरं हसायला लागली. शाळेचा शर्ट घालून गेलो. दहा मिनिटं उशीर झाला, मागच्या बाकावर बसलो, एकदोन माना वळल्या. पुढचं काही बिघडलं नाही. सगळंच सुधारलंय असं मात्र समजू नका, त्याच्या आधीच्या रविवारी मी ओरडले होते, आणि दुपारी माफीही मागितली होती.

पण त्या सकाळी आणखी एक गोष्ट झाली. सात वाजले तरी थोरली उठली नव्हती. पांघरूण डोक्यावर ओढून गाढ झोपलेली. तीनदा हाका मारल्या तेव्हा कुठे "पाच मिनिटं गं आई" म्हणून कूस बदलली. एरवी याच गोष्टीवरून मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तिथेच कॉटच्या कडेवर बसले आणि पाच मिनिटं तिला झोपू दिलं.

आई, तू हे वाचशीलच. चिमट्यांचं मनावर घेऊ नकोस. बाकावरच्या आमच्या त्या ओळीबद्दल मात्र पुढच्या खेपेला अजून सांग. मला ती मागून कधी दिसलीच नाही ना.